रेनेसाँ फेअर आणि आपली मुलं: मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आमच्या भागातल्या युवा नाट्यसंस्थेत मराठी घरांतली मुलं आता बरीच आहेत. संस्था दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी रेनेसाँ फेअरला नाटक घेऊन जाते आणि जून उजाडला की पालकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. इथे ते एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या संस्थेच्या पद्धतीनुसार आहेत. तुमचं फेअर वेगळं असेल तर तपशील तिथल्या करमणूक विभागाकडून तपासून घ्या.

१. रेनेसाँ फेअर म्हणजे नक्की काय? जत्रा, प्रदर्शन की नाटक?

तिन्ही. मोकळ्या रानात लाकडी दुकानं आणि झेंडे लावून एक खोटं गाव उभं केलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते इंग्लंडमधलं असतं, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं (१५५८ ते १६०३) किंवा तिच्या वडिलांच्या, आठव्या हेन्रीच्या. मेरीलँडचं फेअर हेन्रीच्या कारकिर्दीवर चालतं. तिकीट काढून आत गेलं की लोहार, काच फुंकणारे, घोड्यावरून भाल्यांची झुंज, छोटे-छोटे रंगमंच आणि दुपारी राजा-राणीची मिरवणूक. मिनेसोटाचं फेअर १९७१पासून आणि टेक्सासचं १९७४पासून चालू आहे, तेव्हा हे नवं खूळ नाही. मात्र इतिहासाच्या काटेकोरपणाची अपेक्षा ठेवू नका. राणीच्या शिपायाशेजारी पाठीला पंख लावलेली परी मक्याचं कणीस खात बसलेली दिसणारच.

२. एवढ्या मोठ्या व्यवसायात मुलांच्या नाटकमंडळीचं काय काम? शोभेपुरती नेतात का?

हा प्रश्न उलटा विचारायला हवा, कारण फेअरच मुलांच्या नाटकातून निघालं. लॉस एंजेलिसमध्ये फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिका लॉरेल कॅनियनमधल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात मुलांचे नाटकाचे वर्ग घेत. कॉमेडिया देल आर्ते, म्हणजे इटलीतल्या फिरत्या मंडळ्यांची मुखवटे घालून होणारी उत्स्फूर्त प्रहसनं, त्या मुलांकडून करून घेत. त्यातूनच पुढे त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी मे १९६३मध्ये केपीएफके या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राच्या मदतीसाठी एका शनिवार-रविवारचं पहिलं फेअर भरवलं. पुढची सगळी फेअर्स त्या अंगणाची नातवंडं-पतवंडं.

खुद्द एलिझाबेथच्या लंडनमध्येही मुलांच्या व्यावसायिक मंडळ्या होत्या. सेंट पॉल्स कॅथीड्रलची मुलं आणि राणीच्या चॅपलची, म्हणजे दरबारी गायनमंडळाची, मुलं तिकीट लावून नाटकं करत. त्यांनी मोठ्या नटांचा धंदा इतका बसवला की शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये त्याबद्दल कुरकूर येते. त्यामुळे आमच्या मुलांना कोणी 'किती गोड' म्हणालं की दिग्दर्शकबाई चिडतात. तीस मिनिटं गर्दी बांधून ठेवायची जबाबदारी मुलांवर तेवढीच असते जेवढी शेजारच्या मंचावरच्या मुरलेल्या जादूगारावर.

३. मुलं दिवसभर नेमकं काय करतात?

आमच्या संस्थेकडे तीन कामं असतात. पहिलं म्हणजे मंचावरचा प्रयोग, दिवसातून दोनदा, अर्ध्या तासाच्या आत. शेक्सपिअरची कापून आटोपशीर केलेली विनोदी नाटकं किंवा मुखवट्यांचं प्रहसन. दुसरं, मिरवणुकीत चालणं. तिसरं आणि सगळ्यांत अवघड, रस्त्यावरचं काम.

रस्त्यावर संहिता नसते. आपल्याकडे बहुरूपी दारात येऊन पोलिसाच्या थाटात घरमालकाला दटावतो, आणि घरमालकही गंमत ओळखून हात जोडतो, तसा हा प्रकार. एक उदाहरण सांगते. तीन मुली धोबिणी बनून बादली आणि एकच सदरा घेऊन वाटेत बसतात. सदरा कोणाच्या गिऱ्हाइकाचा, यावरून त्यांचं भांडण. समोरून एखादे काका आले की तिघी त्यांनाच न्यायाधीश करतात. काका लाजले तर एक मुलगी लगेच म्हणते, 'महाराज विचार करताहेत, गप्प बसा गं!' आणि त्यांना हसत-हसत सुटायला वाट मिळते. काका रंगात आले तर तोच प्रसंग दहा मिनिटं चालतो, भोवती कडं जमतं. यात सगळी मेख 'वाट मिळते' यात आहे. प्रेक्षकाला हसू यावं, पण त्याचं हसं होऊ नये. हे बारा वर्षांच्या मुलाला जमायला वेळ लागतो. मोठ्यांपैकी अनेकांना जन्मभर जमत नाही.

मंचावर माइक नसतो. बाजूला ढोल वाजत असतो, मागून घोडे जातात, पुढच्या रांगेत कोणाचं तरी बाळ रडतं. बंद नाट्यगृहात छान काम करणारं मूल इथे पहिल्या दिवशी गोंधळतं. त्यात काळजीचं काही नाही.

४. ऑडिशन कशी असते? आमच्या मुलीला ब्रिटिश उच्चार येत नाहीत.

ऑडिशन मार्चमध्ये होते. एक मिनिटाचं पाठ केलेलं स्वगत, मग दोघा-तिघांत मिळून उत्स्फूर्त प्रसंग. निवड मुख्यतः दुसऱ्या भागावर होते. उच्चार तालमीत शिकवतात, आणि तो खऱ्या सोळाव्या शतकाचा नसून फेअरवाल्यांचा ठरावीक उच्चार असतो, कानाला जुना वाटेल इतपत. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना यात अडचण आलेली दिसत नाही. दोन भाषांत उलटसुलट करायची सवय असल्यामुळे ती उलट लवकर सुटतात. आवाज मात्र पोचला पाहिजे. घरातल्या घरात नको, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला वाक्यं म्हणून घ्या.

मूल अबोल असेल तर पहिल्या वर्षी रस्त्यावरच्या कामाऐवजी मंचामागचं काम किंवा गाणाऱ्यांचा गट मागता येतो. तसं अर्जात लिहा. दिग्दर्शक त्याला कमी लेखत नाहीत.

५. वयाची अट काय?

दहा पूर्ण ते अठरा. धाकट्या भावंडाला 'फक्त उभं राहू दे' म्हणून आणू नका, विमा आणि देखरेख दोन्हींचा प्रश्न येतो.

६. वेळ किती द्यावा लागतो?

मेपासून आठवड्याला दोन तालमी, जुलैत त्यात शनिवारची लांब तालीम, आणि मग फेअरचे सगळे शनिवार-रविवार. फेअरच्या दिवशी सकाळी आठला हजेरी. दरवाजे दहाला उघडतात, पण दरवाज्यावर लोकांचं स्वागत करायला आमची मुलं पोशाखात तयार लागतात. संध्याकाळी सातपर्यंत मोकळी होतात. शाळा ऑगस्टअखेर सुरू होते, तेव्हा रविवारच्या रात्रीचा गृहपाठ हा घरोघरीचा तमाशा. शुक्रवारीच उरकायची सवय लावा.

सीझनमध्ये एक शनिवार-रविवार सुट्टी मिळते. ती एप्रिलमध्येच सांगावी लागते. कोणती घ्यावी, ते प्रश्न ७मध्ये.

७. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात मुलाची एकांकिका आहे, आणि त्याच शनिवारी फेअर. काय करायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. इकडची मंडळं गणेशोत्सवाचा मोठा कार्यक्रम शनिवारीच ठेवतात, चतुर्थी कोणत्याही वारी असो. त्यामुळे टक्कर ठरलेलीच. चतुर्थीची तारीख कॅलेंडरात आधीच असते, मंडळाच्या कार्यकारिणीला जानेवारीतच हॉलची तारीख विचारा आणि सुट्टी त्या दिवसासाठी राखून ठेवा.

दोन्हीकडे एकाच दिवशी काम करण्याचा बेत करू नका. सकाळी फेअर, संध्याकाळी मंडळ, हे कागदावर जमतं. प्रत्यक्षात पोरगं घसा बसलेल्या अवस्थेत मंडळाच्या मंचावर येतं आणि दोन्ही दिग्दर्शक नाराज होतात. माझं स्पष्ट मत: एका सीझनला एकच प्रमुख भूमिका. मंडळात मोठं काम असेल तर फेअरमध्ये त्या वर्षी गाणाऱ्यांत जा.

घरच्या गणपतीची गोष्ट वेगळी. तो शनिवारी-रविवारी आलाच आणि सुट्टी आधीच वापरली असेल, तर धार्मिक सणाची रजा म्हणून वेगळा अर्ज करा. संस्था नाही म्हणत नाही, फक्त महिनाभर आधी हवा.

८. पैशांचं काय? फी आहे, मग तिकीटविक्रीतून मुलांना काही मिळत नाही का?

संस्था ना-नफा तत्त्वावरची आहे. सीझनची फी तालमींच्या जागेवर, प्रशिक्षकांवर आणि विम्यावर जाते. फेअर संस्थेला ठरावीक देणगी देतं, कलाकार मुलांना प्रवेशपास देतं आणि पालकांना मोजके पास. आजी-आजोबांसह सगळं कुटुंब फुकट जाईल असं समजू नका.

प्रयोगानंतर टोपी फिरवतात. फेअरमध्ये ती जुनी रीत आहे, आणि अनेक व्यावसायिक कलाकारांचं घर त्यावर चालतं. आमच्या टोपीतले पैसे मुलांच्या खिशात जात नाहीत, फी न परवडणाऱ्या मुलांच्या निधीत जातात. त्या निधीसाठी अर्ज करण्यात कमीपणा नाही. नावं फक्त खजिनदाराला कळतात.

९. आमची मुलगी एच-फोर व्हिसावर आहे. तिला भाग घेता येईल का? आणि फेअरने थेट पगारावर बोलावलं तर?

आमच्या संस्थेतला सहभाग शाळेतल्या नाटकासारखा, विनावेतन आणि शिकण्यासाठीचा आहे. एच-फोरवरची, म्हणजे एच-वन-बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावरची, मुलं इथे आहेत.

पगाराचं प्रकरण मात्र वेगळं. एच-फोरवरच्या मुलांना नोकरीची परवानगी मिळत नाही. ती सोय एच-वन-बीधारकांच्या काही पती-पत्नींपुरती आहे. सोळा-सतरा वर्षांच्या चांगल्या कलाकाराला फेअर स्वतःच्या मंडळीत मानधनावर घेऊ शकतं, आणि तिथे भलेभले फसतात. रोख रक्कम असो, 'स्टायपेंड' असो की पेट्रोलखर्च म्हणून दिलेलं पाकीट, स्वीकारण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. व्हॉट्सॲपवरच्या काकांना नको.

नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक मुलांसाठीही एक पायरी आहे. १९३८च्या केंद्रीय श्रमकायद्याने नाटकातल्या बालकलाकारांना बालमजुरीच्या तरतुदींतून सूट दिली आहे, पण राज्यांचे नियम वेगळे असतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये मानधनावर काम करणाऱ्या अल्पवयीन कलाकाराला परवाना लागतो.

१०. पोशाख कोण देतं? घरी शिवला तर चालेल का? आजीच्या जुन्या साड्या पडून आहेत.

वरचे कपडे, म्हणजे मुलींचा बॉडिस (नाड्यांनी आवळायची चोळी) आणि मुलांचा डब्लेट (अंगाला बसणारं जाकीट), संस्था भाड्याने देते. आतला लांब सदरा, घागरा किंवा गुडघ्यापर्यंतची विजार आणि टोपी घरी करायची. नमुना कागद मिळतो.

आजीची साडी चालेल की नाही हे साडीवर आहे. जरीकाम, छापील वेलबुट्टी, पॉलिएस्टर, सगळं बाद. साधं एकरंगी हातमागाचं सुती लुगडं असेल तर काठ काढून घागरा उत्तम होतो. विटकरी, शेवाळी, मळकट निळा हे रंग घ्या. जांभळा नको, एलिझाबेथच्या काळात जांभळं रेशीम कोणी घालावं याचे हुकूम निघत आणि फेअरमध्ये तो राणीसाठी राखलेला असतो. आतल्या सदऱ्यासाठी मात्र आजोबांच्या धोतराला तोड नाही. किनार उसवायची, दोनदा गरम पाण्यातून काढायचं, बाह्या सैल ठेवायच्या, गळ्याला नाडी. दुरून हुबेहूब लिननसारखं दिसतं, घाम टिपतं, आणि दुकानातल्या तयार 'मध्ययुगीन' शर्टाच्या मानाने फुकटात पडतं.

चेन, वेलक्रो आणि दिसणारी बटनं नकोत, नाड्या बांधा. बूट साधे तपकिरी, पूर्ण बंद. स्पोर्ट्सचे बूट दिसले तर व्यवस्थापक परत पाठवतात. घड्याळ, मंगळवारी बांधलेला रंगीत गंडा, फिटबिट, सगळं काढायचं किंवा बाहीखाली दडवायचं. गळ्यातल्या ताईताला हरकत नाही, सदऱ्याच्या आत राहू दे.

टोपीवरून मुलं रोज वाद घालतात. त्यांना सांगा की १५७१च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सहा वर्षांवरच्या बहुतेक सगळ्यांना रविवारी आणि सणाच्या दिवशी लोकरीची टोपी घालावीच लागे, नाहीतर दंड. आपली निदान सुती आहे.

११. ऑगस्टच्या उन्हात एवढे कपडे? मूल चक्कर येऊन पडेल!

पडू शकतं, म्हणून नियम कडक आहेत. दर अर्ध्या तासाला पाणी, दुपारी सावलीत सक्तीची विश्रांती, आणि डोकं दुखतं म्हटलं की बॉडिसच्या नाड्या लगेच सैल. प्लास्टिकची बाटली प्रेक्षकांना दिसू द्यायची नाही, कापडी पिशवीत ठेवायची. मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत बाटलीभर द्या. आदल्या रात्री जागरण नको, उन्हापेक्षा तेच जास्त बाधतं.

पावसात प्रयोग होतात. वीज चमकली की सगळं थांबवून मुलांना पक्क्या छपराखाली नेतात. धुळीचा त्रास किंवा दमा असेल तर फॉर्मवर लिहा आणि इनहेलर मुलाच्या कमरेच्या पिशवीत असू द्या, मंचामागच्या सॅकमध्ये नको.

१२. तिथे शाकाहारी काय मिळतं?

फेअरची खूण म्हणजे भाजलेली टर्कीची तंगडी. त्याखेरीज कणीस, प्रेट्झेल, बटाट्याच्या काचऱ्या, चीजचे प्रकार मिळतात. तळण्याचं तेल मांसाहाराचंही असू शकतं, चालत नसेल त्यांनी विचारून घ्या. खरं तर डबाच द्या. मंचामागे तुमचा टपरवेअर कोणी तपासत नाही, फक्त लोकांसमोर काढू नये. दशम्या, गूळपोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या दिवसभर टिकतात. दहीभात उन्हात आंबतो. डबा थोडा जास्त द्या, पुऱ्या कधी एका मुलापुरत्या राहत नाहीत.

१३. ताई, तिथे बिअर विकतात, आणि काही विनोद चावट असतात म्हणे. मुलांना पाठवावं का?

दोन्ही खरं आहे. बिअर मिळते, आणि काही मंचांवर द्वयर्थी विनोद चालतात. असे कार्यक्रम बहुधा वेळापत्रकात खूण करून दाखवलेले असतात आणि मुलांना त्या मंचांच्या भागात ड्यूटी नसते. रस्त्यावर कोणीही एकटं फिरत नाही. किमान तिघं, आणि नजरेच्या टप्प्यात पोशाखातला एक मोठा माणूस. प्रेक्षकाने अंगाशी लगट केली किंवा तर्र माणूस आडवा आला तर मुलांनी भूमिका सोडून सरळ आजच्या इंग्रजीत मोठ्याने बोलायचं, हे पहिल्याच तालमीत घोटून घेतात. फोटोला मुलं उभी राहतात, पण कोणाच्या कवेत नाही. शेवटच्या तासात, जेव्हा गर्दीचा नूर बदलतो, तेव्हा सोळाखालची मुलं रस्त्यावर नसतात.

एवढं सांगूनही तुम्हाला अस्वस्थ वाटत असेल तर आधी एक दिवस तिकीट काढून स्वतः हिंडून या. दुसऱ्याच्या शब्दावर ठरवू नका.

१४. मुलाला बाईची भूमिका दिली आहे. त्याचे आजोबा नाराज आहेत.

त्यांना बालगंधर्वांची आठवण करून द्या. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर १६६०पर्यंत स्त्रिया नव्हत्या, शेक्सपिअरच्या सगळ्या नायिका मुलग्यांनीच केल्या. मुली पुरुषांची कामं करतात ती मात्र संख्येच्या गणितामुळे, आमच्याकडे मुली जास्त आहेत. मुलाची स्वतःची तयारी नसेल तर भूमिका बदलून मिळते, आजोबांची नसेल तर नाही.

आणि पालकांच्या परवानगीचा फॉर्म लांबलचक आहे अशी तक्रार करणाऱ्यांसाठी: १६००च्या डिसेंबरात थॉमस क्लिफ्टन नावाच्या मुलाला शाळेच्या वाटेवरून उचलून लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहातल्या मुलांच्या मंडळीत नेलं होतं. राणीच्या चॅपलसाठी मुलं घ्यायचा अधिकार दाखवून. बापाने वर ओळख लावून त्याला सोडवलं आणि पुढे दरबारात फिर्याद केली. आम्ही निदान सही मागतो.

१५. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आमचं सावळं मूल कसं शोभणार? की त्याला 'पूर्वेचा जादूगार' करतील?

भूमिका रंग पाहून देत नाहीत. आमची राणी याआधी देशपांडे झालेली आहे. आणि तो काळ लोक समजतात तितका एकरंगी नव्हता. आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक हा कृष्णवर्णीय तुतारीवादक होता, त्याचं चित्रही उपलब्ध आहे.

रस्त्यावरची व्यक्तिरेखा मुलं स्वतः रचतात, त्यामुळे कोणाला भारतीय पात्र हवं असेल तर खरा इतिहास हाताशी आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका ख्रिस्ती संघाचा धर्मोपदेशक) १५७९मध्ये गोव्यात उतरला, आणि पुढे त्याने मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६मध्ये छापलं गेलं. लंडनचा व्यापारी राल्फ फिच १५८३मध्ये पोर्तुगीजांचा कैदी म्हणून गोव्यात आला तेव्हा त्याला सोडवायला याच स्टीफन्सची मदत झाली. फिच १५९१मध्ये लंडनला परतला. त्याच्या जहाजातून आलेला गोव्याचा पोरगा, ही कल्पना एका मुलाने मांडली आणि ती मान्य झाली. असा पोरगा आल्याची नोंद नाही, पण फेअरला तेवढी सूट चालते. डोक्याला पिसं आणि 'गूढ पूर्व' छापाचं काही सुचवाल तर दिग्दर्शकबाई नाही म्हणतील, आणि मीही.

१६. तलवार शिकवतात का? घरची चालेल?

चौदा वर्षांवरच्यांना मंचावरच्या झुंजीचं प्रशिक्षण मिळतं. झुंज पावलं मोजून बसवलेली असते, रोज प्रयोगाआधी संथ गतीत एकदा करून पाहावी लागते. हत्यारं संस्थेची. घरची आणू नका, देव्हाऱ्यातली कट्यार तर नाहीच. प्रेक्षक म्हणून कोणी तलवार बांधून आलं तर दारावर ती म्यानाला नाडीने पक्की बांधून देतात.

१७. आजी-आजोबा भारतातून आलेत. त्यांना न्यावं का?

अवश्य, पण प्रयोगाच्या वेळा बघून, सकाळच्या खेळाला. पार्किंग लांब, जमीन खडबडीत, चाकाची खुर्ची ढकलायला कष्ट पडतात. नाटकाची गोष्ट आधी मराठीत सांगा. सोळाव्या शतकाची इंग्रजी आपल्यालाच धड कळत नाही. एक विनंती: नातू रस्त्यावर काम करत असताना 'ए चिनू, पाणी प्यायलास का?' अशी हाक मारू नका. तो त्या वेळी मेंढपाळ आहे. प्रश्न मेंढपाळालाच विचारा, उत्तर मिळेल.

१८. कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होतो का?

तासांचं प्रमाणपत्र मिळतं. तेवढ्यासाठीच पाठवत असाल तर दुसरं काहीतरी शोधा, इतक्या घामात ते परवडत नाही.

१९. सीझनच्या मध्येच मुलाला नको झालं तर?

पहिले दोन शनिवार-रविवार बहुतेकांना नको होतं: पाय दुखतात, आवाज बसतो, मित्र वाढदिवसाला गेलेले असतात. तिसऱ्यापर्यंत थांबा. तरीही नको असेल तर मुलानेच दिग्दर्शकांशी बोलावं, पालकांनी मेसेज टाकून मोकळं होऊ नये. प्रत्येक भूमिकेला बदली कलाकार तयार असतो, पण त्याला निदान एक आठवडा हवा. आजारपणाला ही अट नाही, ताप असेल तर सकाळी सातच्या आत कळवा. फी परत मिळत नाही. भाड्याचा पोशाख पुढच्या तालमीला परत करायचा, आणि डब्लेट लोकरीचा असतो, कृपा करून मशीनमध्ये टाकू नका.